बचत आमची, पत कुणाची?

गेल्या महिन्यात पोफळीला बचत गटाच्या बैठकीला बँकेचे साहेब आले होते. मिरची-मसाल्याच्या कांडप यंत्रासाठी गटाने कर्ज मागितलं होतं. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, हा पैसा लोकांच्या ठेवींचा आहे. आधी बचत वाढवा, मग बघू." बायकांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, त्याची चुटपुट अजून जात नाही.

कारण साहेबांचं वाक्य अर्धंच खरं आहे. बँक लाखाचं कर्ज देते तेव्हा कुणा ठेवीदाराच्या खात्यातून लाख रुपये काढत नाही. आपल्या वहीत एकीकडे लाखाचं येणं लिहिते, दुसरीकडे कर्जदाराच्या खात्यात लाख जमा दाखवते. झाला नवा पैसा तयार! कर्ज फिटलं की तो पुसला जातो. हे कुणा डाव्या अभ्यासमंडळाचं म्हणणं नाही. खुद्द बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात ते स्वच्छ लिहिलं आहे. अर्थात बँकेला वाटेल तेवढा पैसा निर्माण करता येत नाही. तिला स्वतःचं भांडवल राखावं लागतं, इतर बँकांची देणी चुकवावी लागतात, रिझर्व्ह बँकेचे नियम पाळावे लागतात. पण पत कुणाला द्यायची, हा निर्णय बँकेचाच असतो. आणि तो कोण, कुणाकडे बघून घेतं?

आमच्या पोफळीचंच बघा. डोंगराच्या पोटातल्या कोयनेच्या वीजगृहासाठी जागतिक बँकेने १९५९ मध्ये अडीच कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ते पुढे होणाऱ्या विजेच्या भरवशावर होतं. वीज झालीही, म्हणून कर्ज म्हणजे पापच असं मी म्हणत नाही. याच जिल्ह्यात गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आला. त्याला आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय या आपल्याच संस्थांनी कर्जं आणि हमी दिल्या. १९९७ च्या जूनमध्ये प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या मच्छीमार बायकांना पोलिसांनी पहाटे घरात शिरून मारलं. २००१ मध्ये वीज मंडळाने ती महागडी वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला. त्या कंपनीला कुणी 'आधी सहा महिने बचत करून दाखवा' म्हटलं होतं?

आम्हाला मात्र बचतीच्या पटीतच कर्ज. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गटांवर हा प्रयोग सुरू केला तेव्हापासून आपण त्याला सक्षमीकरण म्हणत आलो. मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही बघू या. गट बांधणं, हिशेब लिहिणं, हप्ते गोळा करणं, थकलेलीच्या दारात जाऊन बसणं ही बँकेची कामं बायका फुकट करतात. घरकामासारखंच हेही कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही. शेजारणीलाच शेजारणीची वसुली अधिकारी करणाऱ्या या रचनेला आपण भगिनीभाव म्हणायचं?

लोकसभेत सरकारने २०२३ मध्ये सांगितलं, की २०१४-१५ पासून नऊ वर्षांत बँकांनी सुमारे साडेचौदा लाख कोटींची कर्जं निर्लेखित केली. त्यातली निम्मी मोठ्या उद्योगांची आणि सेवा क्षेत्राची. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, हे मान्य. पण त्या वसुलीसाठी कुणाच्या दारात शेजारणी जाऊन बसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

'कर्जच नको, व्याजच नको' म्हणणाऱ्या साथींशीही माझं भांडण आहे. बँकेने नाही म्हटलं तर बाई सावकाराकडे किंवा मायक्रोफायनान्सवाल्याकडे जाते, आणि रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये त्यांच्या व्याजावरची कमाल मर्यादा काढून टाकली आहे.

पुढच्या बैठकीत मी साहेबांना दोन आकडे विचारणार आहे. मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवलेले पैसे धरून या शाखेत इथल्या ठेवी किती, आणि इथल्यांना कर्जं किती? त्यातली बायकांच्या नावावर किती? लीड बँकेच्या जिल्हा समितीत हे गुणोत्तर तपासतात. त्या समितीपुढे आपले गट कधी गेलेत का? चिपळूण, गुहागर, खेडच्या गटांनी आपापल्या शाखेचे आकडे मागून आम्हाला कळवावेत. एकत्र घेऊन रत्नागिरीला जाऊ.