दगड थांबतो, प्लॅस्टिक थांबत नाही

🧵 १/ वडगाव मावळचे नाव निघाले की जानेवारी १७७९ आठवतो. घाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला मराठी सैन्याने येथेच कोंडीत धरून तह करावयास भाग पाडले. लोहगड, विसापूर, कार्ले, भाजे, बेडसे या साऱ्या ठिकाणी मावळचा इतिहास दगडात कोरलेला आहे, आणि दगड शतकानुशतके थांबू शकतो. विसाव्या शतकाने मात्र आपल्या आठवणी फार अल्पायुषी पदार्थात साठवल्या. तो पदार्थ म्हणजे प्लॅस्टिक.

२/ ‘प्लॅस्टिक हजार वर्षे कुजत नाही’ हे वाक्य सर्वांनाच पाठ आहे. कचऱ्यापुरते ते बरेचसे खरे असेल; संग्रहालयापुरते ते घातक आहे. प्लॅस्टिक नाहीसे होत नसले, तरी त्याची वस्तू नाहीशी होते. ती पिवळी पडते, चिकट होते, तडकते आणि अखेर तिचा भुगा होतो. उरतो तो पदार्थ, पुरावा नव्हे.

३/ याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण मावळपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. १९१३ चा दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ हे सारे चित्रपट ज्या फितीच्या काळातले, ती सेल्युलोज नायट्रेटची होती. हे आद्य प्लॅस्टिकांपैकी एक, आणि धूरविरहित बंदुकीच्या दारूचे सख्खे भावंड.

४/ नायट्रेट हळूहळू नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सोडते. हवेतील ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल उरलेल्या फितीचा नाश अधिक वेगाने घडवते. म्हणजे क्षयच क्षयाला खतपाणी घालतो. प्रथम चित्र फिकटते, मग फीत चिकटते, तिच्यावर फेस येतो, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. पेटलीच तर ती स्वतःच ऑक्सिजन पुरवते. पाण्यानेही विझत नाही.

५/ पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. प्रभातच्या जुन्या आवारात, म्हणजे आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, ठेवलेल्या त्याच्या नायट्रेट फितींना ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि अनमोल साठा भस्मसात झाला. १९३१ च्या ‘आलम आरा’ची तर एकही प्रत आज ज्ञात नाही. अर्थात सारा दोष रसायनाचा नव्हे. चांदी काढण्यासाठीही कितीतरी फिती विकल्या गेल्या.

६/ नायट्रेटला पर्याय म्हणून ‘सुरक्षित’ अॅसिटेट फीत आली. १९४८ च्या सुमारास ट्रायअॅसिटेट बाजारात आले आणि दहा वर्षांच्या आतच ईस्टमन कोडॅककडे तिच्या ऱ्हासाची पहिली तक्रार पोहोचली. ती होती भारत सरकारची. उष्ण, दमट हवेत ठेवलेल्या फिती सडू लागल्या होत्या. जगाला हा रोग प्रथम दाखवला तो आपल्याच हवामानाने.

७/ या रोगाला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात, कारण फितीतून अॅसेटिक आम्ल सुटते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला, तर समजावे की रोग बराच पुढे गेला आहे. त्याआधी तो ओळखण्यासाठी निळ्या रंगाच्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात ठेवल्यावर पट्टी निळीच राहिली तर ठीक. ती हिरवी आणि पुढे पिवळी होत गेली तर आम्ल वाढते आहे.

८/ हा प्रश्न चित्रपटांपुरता नाही. लग्नाच्या अल्बममधील पीव्हीसीची पाने चिकट होऊन छायाचित्रांना धरून बसतात. जुन्या कॅमेऱ्याच्या पेटीतील स्पंज बोटाने दाबताच चुरा होतो. सेल्युलॉइडच्या कंगव्याशेजारच्या धातूवर हिरवट गंज चढतो. तो गंज म्हणजे शेजाऱ्याच्या आजाराची वर्दीच.

९/ आणि येथेच इतिहासप्रेमींनी स्वतःलाही एक अवघड प्रश्न विचारायला हवा. गावोगावी सापडलेले मोडी कागद मोठ्या जिव्हाळ्याने स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले जातात, कधी लॅमिनेटही केले जातात. कागद शेकडो वर्षे टिकला. त्याचे ‘संरक्षण’ करणारे आवरण काही दशकांतच त्याला चिकटू शकते. लॅमिनेशन तर कागदाला इजा न करता सोडवणे जवळजवळ अशक्य. प्रेम खरे असते, उपाय चुकीचा असतो.

१०/ यावर आक्षेप येतो : गडांचे बुरूज ढासळत असताना प्लॅस्टिकची चिंता कोणी करावी? प्रश्न रास्त आहे. परंतु ढासळलेल्या बुरुजाचे दगड पायथ्याशी तरी सापडतात. भुगा झालेल्या फितीतून एकही चेहरा परत मिळत नाही. शिवाय गेल्या शतकातील सामान्य माणसाचे जगणे ताम्रपटात नाही. ते निगेटिव्ह, कॅसेट आणि खेळण्यांतच आहे. ते गमावले तर इतिहास पुन्हा केवळ सरदार-दरकदारांचाच उरेल.

११/ तपासणीला मोठा खर्च लागत नाही. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा प्रत्येक वस्तू पाहावी : रंग, चिकटपणा, तडे, वास, शेजारच्या धातूवरील गंज. तारखेसह नोंद व छायाचित्र ठेवावे. आजारी वस्तू इतरांपासून वेगळी, हवेशीर, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. हवाबंद डब्यात कोंडू नये. नायट्रेटची शंका आली तर मात्र हाताळू नये, आगीपासून दूर ठेवून अभिलेखागारातील तज्ज्ञांना बोलवावे.

१२/ लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहूला जाते. तिच्या पाण्यात तुकोबांची गाथा तरली, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्याच मावळच्या ओल्या हवेत एखाद्या माळ्यावरचा फितीचा डबा आपोआप तरणार नाही. तो वेळेत उघडून पाहणारे कोणीतरी लागेल. गडसंवर्धनाला रविवार देणाऱ्या तरुणांनी वर्षातला एक रविवार या डब्यांनाही द्यावा.