रुदंती मागितली, मिळाले काय?

संदिग्ध द्रव्यांवर आपण परिसंवाद घेतो. औषधालयात आलेला पुडा उघडून पाहण्याचा मात्र कंटाळा करतो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. ‘रुदंती चूर्ण’ अशी मागणी नोंदवून मी अनेक वर्षे तयार चूर्ण घेतले व जीर्णकासाच्या रुग्णांना दिले. एकदा चूर्णाऐवजी अख्खी, चांगली मोठी फळे आली, तेव्हा शंकेची पाल चुकचुकली.

राजनिघंटूतील रुदंती हे हरभऱ्यासारख्या पानांचे, शिशिरात जलबिंदू गाळणारे लहानसे क्षुप आहे. निशोत्तराच्या कुळातील क्रेसा क्रेटिका या वनस्पतीस हे वर्णन चपखल लागू पडते. पिके माना टाकतात अशा खारवट, रुक्ष जमिनीत ती तग धरते. पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून ती जादा क्षार बाहेर टाकते. तो क्षार हवेतील ओलावा धरतो आणि पहाटे झाड रडल्यासारखे दिसते. तिचे फळ मिरीच्या दाण्याहून मोठे नसते. औषधात पंचांग घ्यावयाचे. बाजारातील ‘रुदंतीफळ’ हे कॅपॅरिस मूनी या सह्याद्रीतील, वाघाटीच्या कुळातील वेलीचे.

हे फळ निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. प्रतिनिधी द्रव्यांची परंपरा भावप्रकाशातही आहे. परंतु प्रतिनिधी हा प्रतिनिधी म्हणून सांगूनच द्यावा. उद्या एखाद्या तरुण वैद्याने ग्रंथ वाचून खरी रुदंती आणली आणि फळचूर्णाच्याच मात्रेत दिली, तर रुग्णाच्या पोटात क्षारयुक्त पंचांग जाईल. संग्रामपूर, जळगाव जामोदकडील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या व्याधींची तक्रार गावोगाव ऐकू येते. तेथे ही चूक क्षम्य नाही. (खारी वनस्पती म्हणताच कोणाला लोणार आठवेल, ते अभयारण्य आहे, तेथील झाडपाल्यास हात लावू नये.)

औषधालय चालकांना विनंती, की बिलावर शास्त्रीय नाव व प्रयोज्यांग नसल्यास माल परत करावा. चूर्ण न घेता अख्खे द्रव्यच मागवावे. कुटण्याचे श्रम पडतील, ते पडू द्यावेत. व्यापारी कुरकुर करतीलच. मी विचारले तेव्हा “डॉक्टरसाहेब, रुदंती म्हणजे रुदंती,” एवढे बोलून समोरच्याने फोन ठेवला.

त्यानंतर मी जुने केसपेपर काढून बसलो. प्रत्येकावर ‘रुदंती’ एवढेच लिहिलेले. ज्यांना गुण आला त्यांना मी नेमके काय दिले होते, हे आज मला सांगता येत नाही.