एकट्याची साक्ष

"भावाला पैसे दिले, कागद केला नाही, आता न्यायालय माझे ऐकेल काय?" हा प्रश्न आपल्या घरांतून अनेकदा ऐकू येतो. भाऊ हयात नसला आणि त्याच्या वारसांनी हात वर केले, की तो अधिकच बिकट होतो.

तोराच्या न्यायात दोन साक्षीदार लागत. ज्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याखाली आपण भारतात वाढलो, त्याचे धोरण उलट होते: साक्षीदारांच्या संख्येचे बंधन नाही. तो कायदा १ जुलै २०२४ रोजी संपुष्टात आला. त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हे तत्त्व मात्र जपले आहे.

इस्रायलने मधला मार्ग पत्करला. येथील पुराव्याचा वटहुकूम, हिब्रूत 'पकुदत हराअयोत', मूळ ब्रिटिश अमदानीतील १९२४ चा. त्याची नवी आवृत्ती १९७१ ची. दिवाणी दाव्यात आधार केवळ पक्षकाराच्या पतिपत्नीच्या, मुलाच्या, आईबापांच्या वा भावंडांच्या एकट्या साक्षीचा असेल, किंवा दावा मृताच्या मालमत्तेवर असेल, तरी तिच्यावर निकाल देता येतो. मात्र पुष्टीवाचून ती का मानली, याची कारणे न्यायाधीशाने निकालपत्रात नमूद केली पाहिजेत, असे ५४ वे कलम सांगते.

सुलभीकरण म्हणावे ते हेच. पूर्वीचे कायदे साक्षी मोजत. आता त्या तोलल्या जातात, आणि तोलणाऱ्याला आपला हिशेब उघड मांडावा लागतो. दुभाष्याच्या तोंडून बोलणाऱ्या मराठी आजीबाईंना याचे मोल अधिक. त्यांची साक्ष कोणत्या कारणाने मानली हे लिहिलेले असले, तर अपिलात निदान वाद घालण्यास जागा राहते.

शपथेचेही तसेच. पूर्वी साक्षीदाराला ती घ्यावी लागे. १९८० च्या कायद्याने तिची जागा ताकिदीने घेतली. सत्य न सांगितल्यास शिक्षा होईल, एवढे न्यायाधीश बजावतात. शपथेमुळे सत्य बाहेर येईल असे वाटल्यास न्यायालय अजूनही ती देऊ शकते. धर्माच्या वा सदसद्विवेकाच्या कारणास्तव साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते. शपथेच्या नावानेच कचरणारी आपली वडीलधारी माणसे या बदलाने सुखावली असतील!

तरीही कायदा सैल झाला म्हणून कागद अनावश्यक झाला, असे समजू नये. बँकेची पावती, चार ओळींचे मराठी पत्र, देवघेवीच्या वेळी घरात असलेला शेजारी, यांपैकी एक जरी हाती असले तरी न्यायाधीशाला कारणे लिहिणे सोपे जाते. पत्राचे हिब्रू भाषांतर मात्र जाणत्याकडून करून घ्यावे.