हा आकडा कोणाचा?

मधुमेहाला आपल्याकडे आता कोणी मधुमेह म्हणत नाही. 'मला शुगर आहे' एवढेच म्हणतात आणि ऐकणाराही लगेच 'किती?' असे विचारतो. एके काळी हा बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू माणसांचा रोग समजला जाई. आज तो शेतमजुराच्या, एस. टी.च्या कंडक्टरच्या आणि भाजी विकणाऱ्या मावशींच्याही घरात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. या रोगाच्या पाठोपाठ एक लहानसे यंत्रही घरात शिरले आहे. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा आणि काही सेकंदांत आकडा वाचायचा. या यंत्राचे नाव ग्लुकोमीटर.

यंत्र घरात आले ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तो आकडा कशासाठी पाहायचा, आणि पाहून पुढे काय करायचे, याचा विचार मात्र यंत्राबरोबर आलेला नाही. ज्या आकड्यावरून काही निर्णय घेता येतो तोच आकडा कामाचा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्यांना असा निर्णय रोज घ्यावा लागतो, त्यांना तो आकडा पैशाअभावी, नियमांमुळे किंवा लाजेपोटी पारखा होता कामा नये.

आकड्यावर हक्क कोणाचा, हा वाद तसा जुना आहे. पूर्वी साखर पाहायची म्हणजे लघवी तपासायची. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. साखर नसेल तर द्रावण निळेच राही, असेल तर प्रमाणानुसार हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी होई. या पद्धतीत मोठी उणीव होती. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. शिवाय लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची हकिकत. साखर एकदम खाली घसरून माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असला, तरी ते निळे द्रावण गप्पच राहणार.

एम्स नावाच्या अमेरिकन कंपनीने १९६५ साली रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी काढली आणि १९७०च्या सुमारास तो रंग मोजणारे यंत्र बाजारात आणले. हे यंत्र जड होते, महाग होते आणि केवळ डॉक्टर व रुग्णालये यांच्यासाठी होते. न्यूयॉर्कमधील रिचर्ड बर्नस्टाइन या इंजिनिअरला वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. त्याला ते यंत्र विकत मिळेना, कारण तो रुग्ण होता. सुदैवाने त्याची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्याने यंत्र मागवले. दिवसातून अनेकदा रक्त तपासून, त्याप्रमाणे इन्सुलिन व आहार बदलून त्याने आपली साखर ताब्यात आणली. हा अनुभव त्याने लिहून पाठवला, तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांनी तो छापण्यास नकार दिला. आपले कोणी ऐकत नाही हे पाहून हा गृहस्थ वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि डॉक्टर झाला! तो २०२५ साली, वयाची नव्वदी गाठून, वारला.

मला या हकिकतीत यंत्रापेक्षा त्यामागची समजूत महत्त्वाची वाटते. रुग्णाच्या हाती आकडा दिला तर तो घाबरेल, गोंधळेल, भलतेच काही करून बसेल, अशी ती समजूत. ज्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले, त्यांना ही भाषा अनोळखी नाही. 'तुला काय कळतंय त्यातलं?' हे वाक्य आपल्या आईवडिलांनी कचेरीत, बँकेत आणि दवाखान्यात किती वेळा ऐकले असेल, त्याची मोजदाद नाही. शहाण्यांनी सांगायचे आणि इतरांनी माना डोलवायच्या, हा नियम एका रक्ताच्या थेंबाने थोडासा का होईना, मोडला. १९७८ साली लंडन व नॉटिंगहॅम येथील डॉक्टरांनी रुग्णांना घरी रक्त तपासायला शिकवले आणि रुग्णांना ते उत्तम जमते, असे 'लॅन्सेट' या नियतकालिकात जाहीर केले.

पुढे अमेरिका व कॅनडामध्ये १९८३ ते १९९३ या काळात टाइप वन मधुमेहाच्या १४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. टाइप वन म्हणजे ज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही तो प्रकार. तो बहुधा लहान किंवा तरुण वयात सुरू होतो. दिवसातून चार वेळा रक्त तपासून, त्यानुसार इन्सुलिन घेऊन ज्यांनी साखर काटेकोर राखली, त्यांच्या डोळ्यांची, मूत्रपिंडांची व मज्जातंतूंची हानी पुष्कळच टळली. सुरुवातीला डोळे निरोगी असलेल्यांमध्ये दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. परंतु याच लोकांत साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणजे इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाची ही दोन्हींकडून कसरत आहे. त्याच्यासाठी बोटाची तपासणी म्हणजे अंधारात चालताना हातात असलेली विजेरी होय.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मधुमेह असलेले बहुसंख्य लोक टाइप टू प्रकारचे आहेत आणि त्यांतील पुष्कळजण केवळ गोळ्यांवर आहेत. त्यांनी रोज बोट टोचल्याने साखर ताब्यात येते का? ब्रिटनमध्ये ४५३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा लक्षणीय फायदा दिसला नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात ४५० रुग्णांवर वर्षभर झालेल्या अभ्यासातही, २०१७ साली, तेच आढळले. कारण उघड आहे. आकडा पाहिला, 'अरेरे' म्हटले आणि पट्टी फेकून दिली. गोळी तीच, जेवण तेच, चालणे नाहीच. मग साखर कशी उतरावी?

याचा अर्थ अशा लोकांनी यंत्र माळ्यावर टाकावे असा मुळीच नाही. तपासणीमागे प्रश्न हवा, एवढेच. एकादशीचे उदाहरण घ्या. 'उपवास आहे, आज काही खाल्ले नाही' असे म्हणत आपण साबुदाण्याची खिचडी खातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याने साखर झपाट्याने वाढते. खिचडीच्या आधी एकदा आणि दोन तासांनी एकदा तपासले, तर ते दोन आकडे जे शिकवतील ते दहा व्याख्याने शिकवणार नाहीत. घरातील आजीला डॉक्टरांचे म्हणणे पटत नसेल, पण स्वतःच्या रक्ताचे पटेल. रमजानमध्येही तसेच. बोटातून थेंब काढल्याने रोजा मोडत नाही, असे या विषयावरील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकांत सांगितले आहे. इन्सुलिन घेणाऱ्याने रोजात तपासणी टाळणे धोक्याचे असते.

आकडा वाचण्याचीही एक रीत आहे. हे यंत्र प्रयोगशाळेइतके अचूक नसते. त्याच्यासाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात १००च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. म्हणजे खरी साखर १४० असताना यंत्राने १२० किंवा १६० दाखवले, तरी ते यंत्र पासच! तेव्हा काल १३२ आणि आज १४१ म्हणून घरात सुतकी चेहरे करण्याचे कारण नाही. आंबा चिरलेल्या हाताने तपासले तर यंत्र आंब्याचीही साखर मोजते. म्हणून आधी हात धुऊन कोरडे करावेत. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात. आणि एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला कधीही टोचू नये. कावीळ ब सारखे रोग त्यातून पसरतात. 'घरचेच तर आहोत' हे येथे चालत नाही.

याहून मोठी चूक म्हणजे आकड्याला परीक्षेचे गुण समजणे. अनेक घरांत यंत्र वाचण्याचे काम शिकलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे असते. आकडा मोठ्याने वाचला जातो आणि लगेच उलटतपासणी सुरू होते: 'काय खाल्लंत? खरं सांगा!' रुग्णाचा क्षणात आरोपी होतो. मग तो तपासायलाच टाळाटाळ करतो, किंवा तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून आकडा 'चांगला' आणतो. ताप मोजणाऱ्या थर्मामीटरवरून आपण कोणाला रागे भरतो का? आपण शिकलो ते इतरांवर हुकूम चालवण्यासाठी शिकलो नाही. एका वहीत तारीख, वेळ, आकडा आणि आधी काय खाल्ले एवढे लिहावे व ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. शिकलेल्या मुलाचे खरे काम हे आहे.

आता पैशाची गोष्ट. यंत्र स्वस्त आहे, कधी कधी ते पट्ट्यांबरोबर फुकटही मिळते; खर्च आहे तो पट्ट्यांचा. एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते व ती एकदाच वापरता येते. दिवसाला चार धरल्या तर महिन्याचा खर्च दोन हजारांच्या आसपास जातो. मजुरीवर चालणाऱ्या घरात हा खर्च कोण आणि किती दिवस करणार? सप्टेंबर २०२५मध्ये ग्लुकोमीटर व पट्ट्यांवरील जी. एस. टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ते योग्यच झाले. पण एवढ्याने भागणार नाही. टाइप वन असलेल्या प्रत्येकाला परवडणारे इन्सुलिन आणि घरी साखर तपासण्याची साधने २०३० पर्यंत मिळावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २०२२ साली मान्य केले आहे. इन्सुलिन देणे आणि पट्टी न देणे म्हणजे गाडी देऊन दिवे काढून घेणे होय. इन्सुलिनवर असलेल्या गरीब रुग्णाला सरकारी दवाखान्यातून इन्सुलिनबरोबर पट्ट्याही मोफत मिळाल्या पाहिजेत. आज होते काय, तर ज्याला फारशी गरज नाही तो ऐपत आहे म्हणून दिवसातून तीनदा टोचतो, आणि जिचे प्राण त्यावर अवलंबून आहेत ती मुलगी आठवड्यातून एकदा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण जणू यासाठीच जन्माला आली!

मुलगी म्हटले ते मुद्दाम. टाइप वन असलेली मुलगी आपल्याकडे तो आजार लपवते, कारण पुढे लग्नाचा प्रश्न असतो. ती वर्गात तपासत नाही, वसतिगृहात मैत्रिणींसमोर तपासत नाही. साखर ७०च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, डोके चालेनासे होते. आणि वेळेवर साखर पोटात गेली नाही, तर शुद्ध हरपते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, एवढा साधा उपाय आहे. पण शेजारी बसलेल्याला तो ठाऊक हवा ना!

येथे आपल्या महाविद्यालयांचा संबंध येतो. परीक्षागृहात इलेक्ट्रॉनिक वस्तू नेण्यास बंदी असते आणि खाण्याचा डबा बाहेर ठेवावा लागतो. नियम कॉपी रोखण्यासाठी आहे हे मान्य. परंतु टाइप वन असलेल्या विद्यार्थ्याने तीन तास काय करायचे? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे वगैरे परीक्षागृहात नेण्याची परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानेही २०२३ साली राज्यांच्या शिक्षण विभागांना पत्र लिहून अशा मुलांना शाळेत व परीक्षेत साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधेच खाण्याची मुभा द्यावी असे कळवले. शाळकरी मुलांचा विचार झाला, मग अठरा वर्षे पूर्ण होताच हा आजार बरा होतो काय? महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी हा नियम हॉलतिकिटाबरोबर छापावा, म्हणजे कोणाला परीक्षकापुढे हात जोडून उभे राहावे लागणार नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात एक संध्याकाळ काढून गावातील ज्यांच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्यांना हात धुण्यापासून वही लिहिण्यापर्यंत सारे शिकवता येईल. यास पैसा लागत नाही. लागते ती समोरच्या म्हाताऱ्या माणसाला 'तुम्हाला कळणार नाही' असे न म्हणण्याची सवय. बोट त्याचे, रक्त त्याचे, तेव्हा आकडाही त्याचाच. तो त्याला वाचता यावा आणि त्यावरून काय करायचे हे त्यानेच ठरवावे, एवढी मदत आपण खचित करू शकतो.