श्रद्धेची भूक आणि ‘देऊळ’चा प्रश्न

उमेश कुलकर्णी दिग्दर्शित ‘देऊळ’ हा मराठी चित्रपट 2011 साली प्रदर्शित झाला आणि ‘ब्यारी’ या चित्रपटासोबत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला. हरवलेली गाय शोधताना औदुंबराखाली झोपलेल्या केशव नावाच्या भोळ्या तरुणाला दत्तदर्शन घडते. गावात रुग्णालय व्हावे म्हणून अण्णा झटत असतात. परंतु दर्शनाची वार्ता पुढाऱ्यांच्या हाती पडते, देऊळ उभे राहते आणि रुग्णालय मागे पडते. केशव ढोंगी नाही. त्याची श्रद्धा निर्मळ आहे. तिचा बाजार इतरांनी मांडला. शेवटी व्यथित होऊन तो मूर्ती नदीत विसर्जित करतो, तरी गाव नवी मूर्ती बसवते.

डहाणू व तलासरी परिसरातील आपल्या बंधुभगिनींना हा प्रश्न परका नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना भूकंपाचे वारंवार हादरे बसू लागले. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. भर थंडीत कुटुंबे घराबाहेर, तंबूंत झोपली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे भूकंपमापक यंत्रे बसविली. मात्र यंत्र धक्क्याची नोंद घेते. रात्री घाबरलेल्या लेकराला धीर देत नाही. पायाखालची जमीनच विश्वासार्ह उरत नाही, तेव्हा माणूस कशाचा तरी आधार शोधतोच. ही त्याची मूर्खता नव्हे, ती त्याची भूक आहे.

ही भूक कोण भागवतो, यावर सारे अवलंबून असते. वारली पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या आजारी माणसाला प्रथम भगताकडे नेले जाते. भगत जवळ असतो, तो आपल्या भाषेत बोलतो आणि घराण्याची सुखदुःखे जाणतो. दवाखाना दूर असतो, तेथे रांग असते आणि कधीकधी अपमानही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यान्वये गुन्हा आहे. कायदा आवश्यकच आहे. पण तो पाड्यापर्यंत रुग्णवाहिका आणत नाही.

भीतीला विवेकाची सोबत नसेल तर काय घडते, हे 16 एप्रिल 2020 च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दिसले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा पसरली होती. जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तीन निरपराध जिवांचा बळी घेतला. त्यानंतर या हत्येला धार्मिक रंग देणाऱ्या नव्या अफवा उठल्या. पहिल्या अफवेने माणसे मारली, दुसऱ्यांनी शेजाऱ्यांची मने कलुषित केली. अफवेला देऊळ लागत नाही, गुरू लागत नाही. ऐकणाऱ्याची तयारी तेवढी पुरते.

दुसऱ्यांकडे बोट दाखविणे सोपे आहे, म्हणून आपण आपल्या अंगणातही पाहू या. 2012 साली विलेपार्ले येथील एका क्रूसावरून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची रीघ लागली. विवेकवादी सनल एडमारुकु यांनी, हे जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचे झिरपलेले पाणी आहे, असे मत मांडले. त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी झाल्या, तक्रारदारांत कॅथलिक संघटनाही होत्या, आणि त्यांनी देश सोडून फिनलंड गाठले. हे आपल्या परंपरेला शोभणारे नव्हते. लूर्द येथे 1858 साली बर्नादेतला झालेल्या दर्शनांना तेथील बिशपांनी चौकशीअंती 1862 मध्ये मान्यता दिली. तेथे बरे झाल्याच्या 7 हजारांहून अधिक नोंदींपैकी सुमारे 70 घटनाच ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून स्वीकारल्या आहेत. आत्म्यांची पारख करा, असा सल्ला संत योहानाने दिला. आणि पुरावा मागणाऱ्या थोमाला प्रभूने झिडकारले नाही.

मग खऱ्या श्रद्धेची खूण कोणती? प्रश्न विचारणाऱ्याला जी गप्प करते, आजाऱ्याला डॉक्टरपासून तोडते आणि शेजाऱ्याविषयी संशय पेरते, ती श्रद्धा नव्हे. आपल्या धर्मग्रामांनी एवढे तरी करावे: रात्री अडलेल्या रुग्णासाठी वाहनाची सोय ठेवावी आणि मोबाईलवर आलेला भीतीचा संदेश शहानिशा केल्याविना पुढे पाठवू नये. केशवाच्या गावाला देव आणि दवाखाना यांत निवड करावी लागली. आपल्या पाड्यांवर ती वेळ येऊ नये, हीच आपली प्रार्थना आणि हेच आपले काम.