गुरू कोण आणि शिष्य कोण?

इंग्रजांनी आपणांस क्रिकेट दिले आणि त्याच्याबरोबर शिस्त, सचोटी व समबुद्धी हे गुणही दिले, असे एक मत आपल्याकडील सुशिक्षित घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हे मत मांडणाऱ्यांना लष्करातील गोऱ्या अधिकाऱ्यांची चरित्रे फार आवडतात. उन्हातान्हात घोड्यावर बसून कवायत करणारा आणि सायंकाळी पांढरे कपडे चढवून मैदानावर उतरणारा कॅप्टन म्हणजे जणू त्या गुणांचा मूर्तिमंत पुतळाच! आमच्या मते हे मत निम्मे खोटे आणि निम्मे आळसाचे आहे. अशाच एका कॅप्टनाच्या चरित्रावर ते घासून पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

जॉन ग्लेनी ग्रीग यांचा जन्म १८७१ साली महू येथे झाला. हिंदुस्थानातील लष्करी नोकरीत त्यांचा पुण्याशी दीर्घकाळ संबंध आला, आणि पुढे मुंबईच्या गव्हर्नरांचे लष्करी चिटणीस म्हणूनही त्यांनी काम केले. अंगाने ठेंगणे, पण मनगट विलक्षण चपळ. ‘जॉन ग्लेनी’ हे नाव भराभर उच्चारले की जे ऐकू येते त्यावरून लोकांनी त्यांना ‘जंगली’ म्हणावयास सुरुवात केली, आणि तेच नाव रूढ झाले. पारशांविरुद्धच्या सामन्यांत युरोपियन संघाची मदार त्यांच्यावर असे. १९०१ साली विलायतेस हँपशायर परगण्याकडून खेळताना लिव्हरपूल येथे लँकेशायरविरुद्ध त्यांनी २४९ धावा काढल्या आणि ते नाबाद राहिले. पुढे ते त्याच परगण्याच्या क्लबाचे चिटणीस झाले. उतारवयात त्यांनी कॅथलिक धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, आणि १९५८ साली ते वारले. लष्कर, मैदान आणि देवालय अशा तीन वाटा चालून आलेला हा पुरुष सामान्य नव्हता, हे आम्ही आनंदाने मान्य करतो.

परंतु चरित्रकारांनी ज्या मनगटाची तारीफ केली, ते घडवले कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास लिव्हरपूलला जावयास नको. पुण्याच्या लष्कर भागात जावे. १८९२ च्या सुमारास पूना क्लबात बाळू पालवणकर या नावाचा एक तरुण नोकरीस लागला. जातीने चांभार, वडील लष्करी नोकरीत, पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, चुन्याने रेघा आखाव्यात, जाळी उभारावी आणि साहेबलोक सरावास आले की त्यांना चेंडू टाकावेत, हे त्याचे काम. ग्रीगसाहेब इतरांच्या आधी तासभर येत आणि या डावखुऱ्या तरुणाच्या फिरकीवर आपली बॅट परजून घेत. आपणांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस, असा त्यांचा करार असल्याचे सांगतात. वाचकांनीच हिशेब करावा. साहेबांना आठ वेळा बाद केले की चार रुपये होतात, म्हणजे क्लबाचा महिन्याचा पगार होतो! साहेबांच्या दृष्टीने त्या हाताची किंमत काय होती, आणि क्लबाच्या दृष्टीने काय होती, हे यावरून उघड दिसते.

आणि त्या हातात बॅट? शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या बाळू पालवणकरांना त्या जाळीत फलंदाजी करावयास कोणी बोलावले नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, बॅट धरणे हा सद्गृहस्थाचा मान, अशी ती वाटणी होती. समबुद्धी शिकवणारा खेळ तो हाच काय?

येथे कोणी म्हणेल, ‘तो काळच तसा होता, साहेबांनी संधी तरी दिली.’ संधी? ज्यास गरज होती त्याने मजुरी देऊन काम करून घेतले, यास आम्ही संधी म्हणत नाही, व्यवहार म्हणतो. ग्रीगसाहेबांना बाळूंच्या गुणांची जाण होती, आणि अशा गोलंदाजास वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल असे त्यांनी बोलून दाखवले, हे त्यांस भूषणावह आहे. परंतु गुणाची पारख करणारा आणि गुण देणारा हे दोघे एक नव्हेत. १८९० ते १८९५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस यांनी तर पुढे आपल्या आठवणींत हिंदी खेळाडूंना सबुरी नसते, त्यांचा स्वभावच उतावळा, असा निवाडा देऊन टाकला. त्यांच्याच कारकीर्दीत, त्यांच्याच पुण्यात, एक तरुण स्वतःची पाळी कधीही येणार नाही हे ठाऊक असून रोज तासन्‌तास चेंडू टाकीत होता. सबुरीचा याहून मोठा दाखला गव्हर्नरसाहेबांना कोणता हवा होता?

मात्र साहेबांना दोष देऊन आपणांस मोकळे होता येणार नाही. पुण्यातील हिंदूंच्या क्लबाने बाळूंना संघात घेतले, ते क्लब जिंकावा म्हणून. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. पण चहाची वेळ झाली की इतर मंडळी पॅव्हिलियनमध्ये आणि बाळू बाहेर, हातात मातीचे भांडे घेऊन. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास का कचरता, असे न्यायमूर्ती रानड्यांना जाहीरपणे सुनवावे लागले. १९०६ साली बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, जेथे हिंदी माणसास सभासदत्व नव्हते तेथे, हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, आणि त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली विलायतेच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले. इतके होऊनही हिंदू संघाचे नायकपद त्यांस दिले गेले नाही; ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्यास आले, आणि तेही भांडणावाचून नव्हे. क्लबाने बॅट नाकारली, आपण कपबशी नाकारली. दोहोंत अधिक लाजिरवाणे कोणते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

तात्पर्य, बॅट आणि चेंडू यांच्या अंगी कोणताही नीतिधर्म नाही. मैदानावर उतरणारा समाज जी वृत्ती घेऊन येतो, तीच तेथे दिसते. खेळ सुंदर आहे, एवढे त्याच्या रक्षणास पुरे. त्याच्या गळ्यात गुरुपदाची माळ घालण्याचे कारण नाही. आमच्या कित्येक लेखकांच्या लेखणीला आजही अशी खोड आहे की साहेब मैदानावर ‘आले’ आणि बाळू ‘आला’. आम्ही वर त्यांची चाकरी सांगताना मुद्दाम तीच रीत ठेवली, वाचकांच्या कानास ती खुपते की नाही हे पाहावयास. न खुपल्यास दोष कोठे आहे हे निराळे सांगावयास नको. यापुढे जे कोणी या कॅप्टनाचे चरित्र लिहितील त्यांनी लिव्हरपूलचे २४९ अवश्य लिहावेत; पण त्याच पानावर पूना क्लबाची जाळी आणि महिना चार रुपये हेही लिहावेत.