टोचनच्या दोरीला बांधलेलं घर

रस्त्यात गाडी बंद पडली की आपल्याला आधी देव आठवतो आणि त्यानंतर क्रेनवाला. देवाने वेळ लावला तर आपण नवस बोलतो, क्रेनवाल्याने वेळ लावला तर मात्र चिडतो! गाडी एकदा का टोचन होऊन गॅरेजला पोचली, की तो माणूस आपल्या आठवणीतूनही जातो. अर्ध्या रात्री तो कुठून आला, घरी त्याची वाट कोण बघत होतं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

महामार्गाकाठच्या कुठल्याही गावात बघा. पेट्रोलपंप, ढाबा, पंक्चरचं दुकान आणि त्याच्या भिंतीवर रंगवलेलं ‘२४ तास क्रेन सर्व्हिस’, खाली मोबाइल नंबर. तो नंबर पुष्कळदा घरातच वाजतो, आणि उचलते ती घरातली बाई. कारण पुरुष आधीच दुसऱ्या गाडीखाली वाकलेला असतो.

बचत गटाच्या कामामुळे पुणे–बंगळूर महामार्गावरच्या अशा घरांत माझं जाणं-येणं आहे. आमच्या गटातल्या एका वहिनींकडे दोन क्रेन आहेत. एक नवरा चालवतो, एक दीर. वहिनी बारावी शिकलेल्या. फोन, डायरी, डिझेलचा हिशेब, हप्त्यांच्या तारखा, सगळं त्यांच्याकडे. फोन आला की त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कोणाला लागलंय का? गाडीचं तोंड पुण्याकडे की साताऱ्याकडे? चढावर आहे की सपाटीला? गाडी भरलेली की रिकामी? आणि माल काय आहे?

‘‘ताई, पहिला प्रश्न माणसाचा, भाड्याचा मागून,’’ त्या मला म्हणाल्या. कोणाला लागलं असेल तर त्या आधी १०८ ला फोन करायला सांगतात, मग क्रेन सोडतात. आणि मालाचं विचारण्यामागेही कारण आहे. १३ जून २०२३ ला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळच्या कुणे पुलावर टँकर उलटून पेटला आणि चार जणांचा जीव गेला. टँकर म्हणजे दूधच असेल असं धरून चालत नाही. टँकरवर धोक्याचा फलक आहे का, काही गळतंय का, वास येतोय का, हे लांबून कळल्याशिवाय त्यांच्या घरचा माणूस पुढे होत नाही. अग्निशमन दल येईपर्यंत थांबायचं, हा त्या घरचा नियम!

या धंद्यातल्या अडचणी बाहेरून दिसत नाहीत. वर्षानुवर्षं सुट्ट्या लागल्या की खंबाटकीच्या चढाला गाड्यांची रांग लागत आली, इंजिनं तापली, क्लच जळले आणि एकाच वेळी दहा ठिकाणांहून फोन आले. मग चार दिवस शुकशुकाट. हप्ता मात्र दर महिन्याला हजर! शिवाय डिझेल, टायर, पासिंग, विमा, हाताखालच्या पोराचा पगार. वायर रोप झिजली की बदलावीच लागते, कारण ताणावरची वायर तुटली तर चाबकासारखी उलटी येते. म्हणून गाडी ओढताना वायरच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. पण बघ्यांना हे कोण सांगणार? आपल्याकडे ट्रक उलटला की माणसं आधी टोमॅटोच्या क्रेटकडे धावतात आणि मोबाइलवर फोटो काढायला पुढे पुढे सरकतात.

दराचं भांडण तर पाचवीला पुजलेलं. ‘‘दोन किलोमीटरचे एवढे पैसे?’’ असं म्हणणारे आपणच. खरं सांगायचं तर काही क्रेनवाले अडलेल्याला नाडतातही, ते मी नाकारणार नाही. पण मध्यरात्री पावसात घाटात जाण्याची किंमत किलोमीटरवर मोजता येत नाही. रस्त्यात अडथळा झालेली गाडी हलवण्याचा खर्च मालकाने द्यायचा, असं कायदाही सांगतो. यावर उपाय सोपा आहे. हूक लावण्याआधीच दर बोलून घ्यायचा, कुठे सोडणार ते ठरवायचं आणि पैसे दिल्यावर पावती घ्यायची. आमच्या वहिनींनी दराचा कागद छापून दोन्ही क्रेनच्या केबिनमध्ये चिकटवलाय. तेव्हापासून भांडणं कमी झाली, असं त्या सांगतात.

पण मला आज लिहायचंय ते दुसऱ्या अपघाताबद्दल. पहिल्या अपघातात गाडी मोडते, दुसऱ्यात मदतीला आलेला माणूस जातो. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर रात्री एक अपघात झाला. तो बघायला गर्दी जमली. तेवढ्यात भरधाव आलेली दुसरी मोटार त्या गर्दीत घुसली आणि नऊ जण गेले. त्यात बंदोबस्ताला आलेला पोलीस होता, होमगार्ड होता. क्रेनवाला तर रोजच अशा जागी उभा असतो, तोही रस्त्याकडे पाठ करून!

थोडं गणित करू या. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते. ड्रायव्हरला दिसून, त्याच्या डोक्यात शिरून ब्रेकवर पाय जाईपर्यंत ती तीस-चाळीस मीटर पुढे आलेली असते, आणि थांबायला आणखी अंतर लागतं ते वेगळंच. म्हणजे गाडीच्या मागे पाच पावलांवर ठेवलेला दगड कोणालाच वाचवत नाही. उलट गाडी हलवल्यावर तो दगड तिथेच राहतो आणि पहाटे दूध घेऊन निघालेला मोटारसायकलवाला त्यावर आपटतो. झाडाच्या फांद्यांचंही तेच. गाडीबरोबर मिळणारा लाल त्रिकोण आपल्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत तसाच पडलेला असतो. तो बाहेर काढायचा, गाडीमागे चांगला लांब ठेवायचा. वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण्याआधी कळेल.

पहिली टोइंग क्रेन १९१६ मध्ये अमेरिकेत चॅटनूगा गावी एका गॅरेजवाल्याने बनवली. आज त्याच गावात या धंद्याचं संग्रहालय आहे आणि बाहेर एक भिंत आहे, काम करताना गेलेल्या क्रेनवाल्यांच्या नावांची. तिथल्या पन्नासही राज्यांत आता कायदा आहे, की रस्त्याकडेला दिवे लुकलुकवत थांबलेली मदतीची गाडी दिसली की येणाऱ्याने लेन बदलायची, नाहीतर वेग कमी करायचा. आपल्याकडे अशी भिंत नाही. पण तो पिवळा दिवा दिसल्यावर वेग कमी करायला आपल्याला कोणी अडवलंय का?

ज्यांच्या घरात हा धंदा आहे त्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे. घरचा माणूस रात्री एकटा जाणार नाही, हे तुम्ही ठरवा. एकाने काम करायचं, एकाने रस्त्याकडे बघायचं. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, हातमोजे आणि बॅटरी दाराजवळच्या खुंटीला टांगा, म्हणजे घाईत विसरणार नाही. सलग दोन रात्री जागलेल्याला तिसऱ्या फोनला पाठवू नका, तो फोन दुसऱ्या क्रेनवाल्याला द्या. एक भाडं जाईल, माणूस राहील! निघाल्याची वेळ आणि जागा डायरीत लिहा. ऑटोमॅटिक किंवा बॅटरीवरची गाडी चाकांवर फरफटत ओढायची नसते, ती अख्खी उचलून सपाट क्रेनवर चढवावी लागते. म्हणून फोनवरच ते विचारून घ्या.

आणि आता कागदपत्रांकडे वळू. मी जिथे जिथे विचारलं तिथे क्रेनच्या कर्जावर जामीन म्हणून बाईची सही आहे, पण विम्याचा कागद कुठे आहे ते तिला माहीत नाही. वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय, तेही माहीत नाही. हे बदलायला हवं. क्रेनच्या पॉलिसीत ड्रायव्हर आणि हाताखालचा पोरगा धरलेत का, हे एजंटाला स्पष्ट विचारा. प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेत वर्षाला फक्त २० रुपये बँक खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाला किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख रुपये मिळतात. १८ ते ७० वयाच्या कोणालाही ती घेता येते. वर्ष जूनपासून सुरू होतं, म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे आहेत ना ते बघायचं. हाताखालच्या पोराचाही विमा काढा. त्याचीही आई घरी जागी असते.

आपण प्रवास करणाऱ्यांनीही चार गोष्टी शिकायला हव्यात. गाडी बंद पडली तर जमेल तेवढी डाव्या कडेला घ्या, पार्किंग लाइट लावा आणि मुलांना घेऊन डाव्या दाराने उतरा. गाडीत बसून राहू नका. गाडीच्या मागे उभं राहून दिवे झाकू नका. कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तर तिथे थांबा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हे नंबर पाठ असू द्या. नुसत्या दोरीने गाडी ओढत असतील तर चावी फिरवलेलीच ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक जड लागतात आणि स्टिअरिंगही जड होतं, म्हणून नवख्याने तिथे बसूच नये. क्रेनवर चढवलेल्या गाडीत तर कोणीच बसायचं नाही, झोपलेलं बाळसुद्धा नाही.

आणखी एक भीती काढून टाका. जखमीला मदत केली तर पोलिसांचं झंझट मागे लागेल, असं अजून घरोघरी ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आलं. नाव सांगण्याचीसुद्धा सक्ती नाही. क्रेनवाले बऱ्याचदा पोलिसांच्याही आधी पोचतात. ग्रामपंचायतीने आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने मिळून त्यांना प्रथमोपचाराचे धडे दिले, तर किती जीव वाचतील! येत्या ग्रामसभेत ही मागणी आपण बायकांनीच मांडायला हवी. महिला ग्रामसभा तर आपलीच असते, तिथे हळदीकुंकवाच्या गप्पांबरोबर हाही विषय घ्या.

रस्ते रुंद झाले, गाड्यांचे वेग वाढले, पण त्या वेगाच्या कडेला उभं राहून काम करणाऱ्याचं घर अजून एका दोरीवर टांगलेलं आहे. ती दोरी मजबूत करणं काही अंशी त्याच्या घरच्या बाईच्या हातात आहे आणि काही अंशी आपल्या पायाखालच्या ब्रेकवर.